बाळ गेलेल्या आईच्या वॉर्डात या चुका टाळा

एकतीस वर्षं लेबर रूममध्ये काढली. पोटात दगावलेलं बाळ बाहेर आलं की खोलीतल्या प्रत्येकाला एकच सुचतं: लवकर आवरा. मलाही तेच सुचायचं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आईला बाळ न दाखवणं. सासरचे दारातच सांगतात, "तिला दाखवू नका, धक्का बसेल," आणि नवी सिस्टर सुटल्यासारखी मान डोलावते. नोकरीच्या सुरुवातीला आठव्या महिन्यातलं एक बाळ मीच असं गुंडाळून वॉर्डबॉय मामांच्या हाती दिलं. तासाभरात घरचे पुरूनही आले. तिसऱ्या दिवशी ताप बघायला गेले तर त्या आईनं हळूच विचारलं, "सिस्टर, जावळ होतं का हो त्याला?" मी बघितलंच नव्हतं. "होतं, दाट होतं," म्हटलं. ती हसली. त्या हसण्यानं माझी झोप उडाली.

तेव्हापासून नातेवाइकांना नाही, आईला विचारते. नको म्हणाली तर जबरदस्ती नाही, पण दोन तासांनी पुन्हा विचारते. पहिलं "नको" पुष्कळदा सासूबाईंचं असतं. हल्लीच्या मुली ट्रेनिंग करून येतात आणि उलटं करतात, न विचारता बाळ थेट मांडीवर! बाळ कसं दिसेल ते आधी सांगा. ओठ काळसर असतील, कातडी सुटलेली असेल. अशा बाळाला आंघोळ घालू नका, ओल्या मऊ कापडानं टिपा, टोपडं घाला. आईला चालणार असेल तर स्टॅम्प पॅडवर पाऊल उमटवून घ्या. कागद आज नको म्हणाली तर केसपेपरला लावून ठेवा. वर्षानंतर मागायला आलेल्या बायका मी पाहिल्यात.

दुधाचं कुणी सांगतच नाही. वार पडली की शरीर आपलं काम सुरू करतं, दोन-तीन दिवसांत छाती भरते, आणि तोवर बाई घरी गेलेली असते. मग कुणीतरी आवळून पट्टा बांधतं, गाठी होतात, ताप चढतो. पट्टा नको. गार कापड ठेवा, ठणकलं तर थोडंसंच पिळून काढा. दूध थांबवायची गोळी असते, पण बीपीवाल्या बाईला ती चालत नाही; डॉक्टरांना विचारल्याशिवाय मैत्रिणीची चिठ्ठी वापरू नका.

डिस्चार्ज कार्डावर घाईत "ॲबॉर्शन" लिहू नका. प्रसूती लाभाच्या कायद्यात "मूल" या शब्दात मृत जन्मलेलं मूलही येतं. चौतिसाव्या आठवड्याच्या बाईला ॲबॉर्शन लिहिलंत तर २६ आठवड्यांपर्यंतच्या रजेऐवजी तिच्या हाती सहा आठवडे पडतात. २८ आठवडे भरले असतील तर उपजत मृत्यूची नोंदही २१ दिवसांत व्हायला हवी.

"पुढच्या वेळी होईल." हे वाक्य तोंडातच ठेवा.

तिला मूल झाल्याचे पेढे वाटणाऱ्या बाईच्या शेजारची खाट देऊ नका. खाट नसेल तर पडदा ओढा, पडदाही नसेल तर माझी ड्युटी रूम.

आणि बाप. सही करायला, बिल भरायला, खड्ड्यापाशी उभं राहायला त्यालाच बोलावतात. बाळ घेता का, असं कुणी विचारत नाही. मी विचारते. बहुतेक जण आधी हात धुवायला जातात.