विंडोज न काढता लिनक्स मिंट टाकताना

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ज्यांवर चढत नाही अशी बरीच धडधाकट मशीन घरोघरी आहेत. टॅली किंवा एखादा जुना प्रिंटर अडत असेल तर त्यापुरतं विंडोज राहू द्या आणि इंटरनेटचं काम लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टमवर न्या. विंडोज ११ असलं तरी कृती हीच. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन फार वेळ खात नाही. घोळ होतो तो आधीच्या तयारीत.

सगळ्यात आधी बॅकअप, आणि तोही बाहेरच्या डिस्कवर. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली कॉपी बॅकअपमध्ये धरू नका.

मग एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लागलेलं कुलूप, पाहा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर ते तुमच्या नकळत चालू झालेलं असू शकतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर शोधा. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा आणि मगच ते बंद करा. डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा. ही पायरी गाळून बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) हात घातला, तर पुढच्या वेळी विंडोज तीच की मागत अडून बसतं.

आता फास्ट स्टार्टअप. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांच्या पर्यायांत जाऊन त्यावरची टिक काढा. हा चालू असताना ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग मिंटमधून सी ड्राइव्ह उघडला तर फाइली दिसतात, पण सेव्ह काही होत नाही. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही टिक पुन्हा एकदा तपासा.

जागा विंडोजमधूनच काढा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडा. मिंटला किमान २० जीबी लागतात, पण ६० च्या खाली जाऊ नका. आकडा एमबीत द्यायचा असतो: ६० जीबी म्हणजे ६१४४०. मोकळी झालेली जागा ‘अनअलोकेटेड’च राहू द्या, तिथे नवा ड्राइव्ह बनवू नका. डिस्क अर्धी रिकामी असूनही जेमतेम काही जीबीच निघत असतील, तर पेजफाइल (रॅमला मदत म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल), हायबरनेशनची फाइल किंवा रिस्टोर पॉइंट मध्येच ठाण मांडून बसलेले असतात. ते तात्पुरते बंद करा, रिस्टार्ट करा, पुन्हा श्रिंक करून पाहा. हे चालू असताना लाइट गेली तर पंचाईत, म्हणून यूपीएस हवा. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा.

सिस्टम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ काय आहे ते बघा. मशीन सुरू होण्याची ही पद्धत नवी (यूईएफआय) असेल, तर डाउनलोड केलेल्या मिंटचा ८ जीबीचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह रुफस या सॉफ्टवेअरमध्ये जीपीटी पद्धतीने बनवा, जुनी (लेगसी) असेल तर एमबीआर. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायच्या बूट मेनूची की कंपनीगणिक वेगळी: डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर विंडोजच्या मोडशी जुळणारा निवडा. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, तेव्हा वायफाय आणि आवाज तिथेच तपासून घ्या. स्क्रीन काळी पडली (एनव्हिडियाच्या कार्डांवर हे होतं) तर सुरुवातीच्या मेनूतला कंपॅटिबिलिटी मोड घ्या. इन्स्टॉलेशननंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर टाका.

इन्स्टॉलरमध्ये ‘अलाँगसाइड विंडोज’ हा पर्याय निवडा. ‘इरेज डिस्क’ला चुकूनही हात लावू नका. डिस्कच दिसत नसेल तर बायोसमधलं स्टोरेज इंटेल आरएसटी या मोडवर असण्याची शक्यता जास्त. ते एएचसीआय या साध्या मोडवर न्यावं लागतं. पण सरळ बदललं तर विंडोज सुरू होत नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, रिस्टार्ट करताना बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या आणि मग सेफ मोडची सेटिंग काढा.

स्वतः पार्टिशन पाडणार असाल तर मोकळ्या जागेत एक ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) पार्टिशन, माउंट पॉइंट तिरकी रेघ (/), एवढंच पुरे. रॅम कमी पडली तर लागणारी स्वॅपची फाइल मिंट स्वतः बनवतं. यूईएफआय मशीनवर सुरू होण्याच्या फाइली असलेलं विंडोजचं छोटं ईएफआय पार्टिशन दोघांत सामायिक असतं, ते फॉरमॅट करू नका.

मिंटमधून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. मशीनच्या घड्याळात मिंट जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज ती स्थानिक समजतं. मिंटला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की भांडण मिटतं.

एखाद्या अपडेटनंतर मिंट की विंडोज हे विचारणारा मेनूच न येता थेट विंडोज सुरू झालं तर घाबरू नका, मिंट जागेवरच असतं. बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये ‘उबुंटू’ नावाची नोंद वर आणा. मिंट त्याच नावाने नोंदवलं जातं. पुढे मिंट नकोसं झालं तर याच यादीत आधी विंडोज बूट मॅनेजर वर घ्या, ते नीट सुरू होतंय हे पाहा आणि त्यानंतरच मिंटचं पार्टिशन उडवा. लेगसी मशीनवर मात्र एवढ्याने भागत नाही: तिथे विंडोजच्या रिकव्हरी पेनड्राइव्हवरून बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा प्रोग्रॅम) दुरुस्त करावा लागतो, तेव्हा तो पेनड्राइव्ह आधीच बनवून ठेवा.