गांज्यावर कर लावा, असं निवेदन लिहायचं कसं आणि द्यायचं कोणाला

पहिल्या ओळीत गांज्याचं कौतुक असेल तर ते निवेदन मी टाइप करत नाही. दुप्पट पैसे दिले तरी नाही. राज्य उत्पादन शुल्क खात्यात बाबूगिरी करून निवृत्त झालो. आता नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये टेबल टाकून लोकांचे अर्ज, शपथपत्रं, निवेदनं लिहून देतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की मान वर करायला फुरसत नसते. विनाअनुदानित शाळांचे मास्तर येतात, अंगणवाडी सेविका येतात, कोतवाल येतात. अलीकडे कॉलेजातली पोरंही येतात आणि आजूबाजूला बघून हळूच विचारतात, "काका, गांजा लीगल करा म्हणून लिहून देता का?"

देतो ना बाप्पा. मला स्वतःला ती मागणी पटते. पोरं ती ज्या तऱ्हेनं मांडतात, ती मात्र पटत नाही. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी काय लिहायचं नाही ते. "मी ओढतो, मला काही झालं नाही" हे लिहायचं नाही. कायदा बदला म्हणणं हा गुन्हा नाही, पण सेवन हा कलम २७ खाली गुन्हा आहे. स्वतःच्या सहीनं तो कबूल करून मंत्र्याच्या दालनात देण्यात काय शहाणपण? महादेवाचा दाखलाही नको. पचमढीच्या यात्रेला आपल्याकडून किती लोक जातात आणि तिथे चिलीम कशी फिरते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण श्रद्धेचा मुद्दा काढला की समोरचाही श्रद्धेनंच उत्तर देतो आणि कराची गोष्ट राहून जाते. लेटरहेडवर ते सात पाकळ्यांचं हिरवं पान तर नकोच. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. सोबत फुलोरा नसेल तर नुसतं पान आणि बी त्या व्याख्येत बसतच नाही. टी-शर्टवर मिरवतात ते चित्र कायद्याच्या दृष्टीनं गांज्याचं नाहीच.

आता विषयाची ओळ. "गांजा कायदेशीर करणेबाबत" असं लिहिलंत तर तिथेच फाईल बंद. मी लिहितो: "गांजाची नियंत्रित लागवड व परवानाधारक विक्री सुरू करून त्यावर उत्पादन शुल्क आकारणेबाबत." वाचणारा उपसचिव असतो, आणि शुल्क म्हटलं की तो पुढची ओळ वाचतो. त्याखाली मागणी एकाच परिच्छेदात मांडा. वय किती, एका वेळी किती ग्रॅम, दुकान कोणाचं, कर कोणता, पैसा कुठे जाणार. वयाच्या रकान्यात मी २५ टाकतो. महाराष्ट्रात कडक दारूला २५ चीच अट आहे, मग गांज्याला कमी कशी मागणार? पोरांचे चेहरे उतरतात, पण निवेदन टिकतं.

कायद्याचा भाग चार ओळींत संपवा, पण त्या चार ओळी अचूक हव्यात. कायदा १९८५ चा, बोलताना एनडीपीएस. निवेदनात मात्र पूर्ण नाव लिहा, "गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम". गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर अल्प प्रमाण, वीस किलोपेक्षा जास्त असेल तर व्यापारी प्रमाण. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षं. आंध्र-ओडिशाकडून रेल्वेनं येणारा माल नागपूर जंक्शनवर पकडला गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचताच. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई, दोन्ही मार्ग इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे ते व्हायचंच. निवेदनात एवढंच म्हणा की माल येतोच आहे, विकला जातोच आहे आणि त्यातून सरकारी तिजोरीत एक रुपया जमा होत नाही.

आकडे हवेत, पण इंटरनेटवरचे उचललेले नकोत. दोन आकडे मी नेहमी घालतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यात भांग, गांजा, चरस मिळून वर्षभरात सेवन करणारे सुमारे ३.१ कोटी निघाले आणि दारू पिणारे सुमारे १६ कोटी. नागपूरचे आकडे पाहिजेत तर माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर तोच बहाणा करून अर्ज परत येतो. विचारायचं काय? शहरात गेल्या तीन वर्षांत गांज्याचे गुन्हे किती, त्यातले अल्प प्रमाणाचे किती, शिक्षा किती जणांना झाली. उत्तर आलं की झेरॉक्स निवेदनाला जोडा. अशा एका कागदापुढे दहा पानी भाषण फिकं पडतं.

यानंतर इतिहास, आणि हा भाग नागपूरकरानं सोडू नये. गांज्यावरचा कर ही अमेरिकेहून आणलेली कल्पना नव्हे. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं तेव्हा या प्रांतात गांज्याची लागवड निमाड जिल्ह्यात खंडव्याकडे सरकारी देखरेखीखाली होत होती आणि परवान्याच्या दुकानातून शुल्क भरून तो विकला जात होता. मुंबई इलाख्यात अहमदनगरकडे लागवड होती. इंग्रज सरकारनं १८९३ मध्ये सात जणांचा आयोग नेमला. त्यानं हजारावर साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. बेतानं घेणाऱ्याला फारसा अपाय नाही, अति करणाऱ्याला आहे, सरसकट बंदी नको, परवाने आणि शुल्क यांच्या आधारे आवर घाला, असा त्याचा निष्कर्ष. इंग्रजांना आपल्या तब्येतीची नाही, महसुलाची काळजी होती असं कोणी म्हटलं तर मान डोलवा. आपलं निवेदनही महसुलाबद्दलच आहे.

आणि आता हुकमाचा एक्का. राज्यघटनेची सातवी अनुसूची, राज्य सूची, नोंद ५१. दारूवर उत्पादन शुल्क लावायचा अधिकार राज्याला तिथून मिळतो. त्याच नोंदीत पुढे अफू आणि भारतीय भांग, म्हणजे हेच झाड, नावानिशी लिहिलेलं आहे. घटना लिहिणाऱ्यांना यावर कर लागतो हे ठाऊक होतं आणि तो राज्याला मिळावा असं त्यांनी लिहून ठेवलं. जीएसटी आल्यापासून राज्याच्या हातात स्वतःचे म्हणावे असे मोठे कर उरलेत किती? दारू, पेट्रोल-डिझेल, मुद्रांक. वित्त विभागातल्या कोणालाही ही ओळ दाखवा, तो खुर्ची पुढे ओढतो.

कर किती मागायचा? लोकांना वाटतं, जितका जास्त तितकं सरकार खूश. चूक. खात्यात असताना आम्ही बघायचो, देशी दारूवरचं शुल्क वाढलं की हातभट्टीवाल्याचा धंदा वाढायचा. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये दुकानं उघडली तेव्हा लागवडीवर वजनानं वेगळा कर आणि विक्रीवर पंधरा टक्के वेगळा, शिवाय स्थानिक कर. चोरटा बाजार जागचा हलला नाही, आणि शेवटी २०२२ मध्ये त्यांनी लागवडीवरचा कर काढून टाकला. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून विक्री कायदेशीर झाली. तिथे ग्रॅमला एक डॉलर किंवा उत्पादकाच्या किमतीच्या दहा टक्के, यातलं जे जास्त ते शुल्क. भाव चढे होते तोवर ठीक होतं. भाव पडले, डॉलर मात्र तसाच राहिला, आणि उत्पादक कराखाली दबले. म्हणून मी लिहितो की सुरुवातीचा दर असा ठेवा की दुकानातला माल गल्लीतल्या पुडीपेक्षा फार महाग पडणार नाही, आणि दर वर्षी त्याचा फेरविचार करा. नुसत्या वजनावर कर लावला तर विकणारा कमी वजनात जास्त कडक माल भरेल. दारूत जसा अल्कोहोलचा अंश बघून दर ठरतो, तसा इथे टीएचसीचा, म्हणजे गांज्यातल्या नशा आणणाऱ्या घटकाचा, अंश बघा.

उरुग्वेचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं वाटतं. २०१३ मध्ये कायदा, २०१७ पासून औषध दुकानातून विक्री. नाव नोंदवलेल्यालाच मिळणार, महिन्याला ४० ग्रॅमपर्यंत, भाव सरकार ठरवणार. आपल्याकडे रेशनची सवय असल्यानं हे कोणालाही समजावता येतं. थायलंडचं उदाहरण मात्र तुम्ही नाही काढलं तर विरोधक काढतील. तिथे २०२२ मध्ये अमली पदार्थांच्या यादीतून गांजा वगळला, नियम धड केले नाहीत, गल्लोगल्ली दुकानं झाली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आली. म्हणून मागणीत "प्रथम नियमावली, नंतर विक्री" हे शब्द ठळक करा.

पैसा कुठे जाईल हेही सांगा. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात गांजा कायदेशीर करणाऱ्या २०१२ च्या मतदानातच ठरलं होतं की या करातले पहिले चार कोटी डॉलर दर वर्षी शाळांच्या बांधकामाला. आपल्या निवेदनात व्यसनमुक्ती केंद्रं आणि शासकीय रुग्णालयांतले मानसोपचार विभाग टाका. "विदर्भाच्या विकासासाठी" असं मोघम लिहू नका. त्या शब्दांखाली काय काय खपतं ते आपण जाणतो.

विरोधाचे मुद्दे तुम्हीच आधी लिहा. घटनेचं कलम ४७ सांगतं की राज्यानं आरोग्यास घातक मादक पेयं आणि द्रव्यं बंद करण्याचा प्रयत्न करावा. ते लपवू नका. त्याच घटनेत नोंद ५१ आहे, आणि त्याच राज्यात दारूचं उत्पादन शुल्क जमा होतं, एवढं म्हणा. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याच्या डोक्यावर परिणाम होतो, घराण्यात मनोविकार असेल त्याला धोका जास्त, ओढून गाडी चालवणं जीवघेणं; हे सगळं खरं आहे आणि वयाची अट, टीएचसीची मर्यादा, वाहनचालकांची तपासणी हे याचसाठी मागायचं.

आपल्या शेजारचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरता येतं. वर्धा गांधीजींचा जिल्हा म्हणून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. उठवताना सरकारनं अवैध विक्री आणि बुडालेला महसूल ही कारणं दिली. ती तशीच्या तशी आपल्या निवेदनात येतात. पण गडचिरोलीत बंदी टिकावी म्हणून झटणाऱ्या बायकांचं म्हणणं खोटं नाही. घरात दारू आली की काय होतं ते त्यांनी भोगलंय. त्यांची टर उडवणारं एकही वाक्य माझ्या टेबलावरून जात नाही.

निवेदन द्यायचं कोणाला? इथे बहुतेकांची गाडी अडते. १९८५ चा कायदा केंद्राचा. राज्य सरकार मनात आणलं तरी वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामापलीकडे गांजा विकायला परवानगी देऊ शकत नाही. आणि हा कायदा दिल्लीत गृह मंत्रालयाकडे नसून वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे आहे. म्हणून मूळ प्रत तिथे. दुसरी प्रत तुमच्या खासदाराला, कायद्यात दुरुस्तीचं अशासकीय विधेयक मांडण्याच्या विनंतीसह. तिसरी आमदाराला, पण त्याच्याकडे मागणी वेगळी: विधिमंडळात अशासकीय ठराव आणून केंद्राला शिफारस करा. आमदाराला "कायदा बदला" म्हटलं की तो सुटला, "माझ्या हातात नाही" म्हणायला मोकळा. ठराव आणणं त्याच्या हातात आहे. चौथी प्रत राज्याच्या उत्पादन शुल्क मंत्र्यांना.

अधिवेशनात मोर्चा काढायची हौस असेल तर काढा. यशवंत स्टेडियमवरून निघाल, पोलीस वाटेत अडवतील, शिष्टमंडळ म्हणून चारपाच जणांना आत सोडतील. त्या चारपाच जणांत एक आई, एक वकील आणि एक डॉक्टर असू द्या. घोषणा कमी, इस्त्रीचे कपडे जास्त.

पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद सोडू नका. आवक क्रमांक, तारीख, शिक्का, हे तिन्ही तुमच्या प्रतीवर हवं. महिना-दीड महिन्यानं एक पत्र येईल: "आपले निवेदन पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे." पोरं ते घेऊन पेढे वाटायला निघतात. त्याचा अर्थ एवढाच की कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात नवा जावक क्रमांक असेल, तो डायरीत उतरवा, ज्या विभागाकडे पाठवलं त्याचं नाव लिहून घ्या आणि त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र टाका. स्मरणपत्राचे मी अर्धेच पैसे घेतो.