ऊस लावण्याआधी नांगराच्या तळाचा थर असा फोडा

उभी-आडवी नांगरट, शेणखत, सरी हे ऊसवाल्याला सांगायला नको. मी बोलतोय ते नांगराच्या तळाखालच्या थराबद्दल. एकाच खोलीवर वर्षानुवर्षे नांगर चालवला, वरून भरलेल्या ट्रॉल्या ओढल्या की काळ्या रानात वीत-दीड वितीवर कडक थर बसतो. उगवणीवरून तो कळत नाही. टिपरीची (लावलेल्या उसाच्या तुकड्याची) मुळं पहिले काही आठवडेच कामाची, ती वरच्या भुसभुशीत मातीत मजेत वाढतात. पुढं ऊस पोसतात ती कोंबाला फुटलेली मुळं, आणि अडतात तीच. मग दोन पाण्यांमधलं अंतर वाढलं की ऊस सुकतो, वाऱ्यात लोळतो, टनेज घटतं.

तोडणी झाली की उसाचं एक बेट (एका जागचा खोडक्यांचा झुपका) पहारीनं उकरा. मुळं थरावर टेकून काटकोनात आडवी वळलेली दिसली, तर सबसॉयलर, म्हणजे खालचा थर फोडणारा ट्रॅक्टरचा खोल फाळ, लागणारच. थराची खोली तिथंच मोजा.

खरी गोम पुढं आहे. वरची माती वाळली म्हणून मी एकदा तोडणीनंतर पंधरवड्यातच सबसॉयलर घातला. खाली ओल होती. थर फुटलाच नाही, चाकूनं साबण कापावा तशी नुसती चीर पडली, तिच्या भिंती लिंपल्यासारख्या चकचकीत. पहिल्या पाण्यात चीर मिटली. डिझेल गेलं, आणि आडसालीचा (जुलै-ऑगस्टात लावलेला) तो ऊस भर पावसाळ्यात लोळला.

तेव्हापासून थराच्या खोलीवरची माती हातात घेऊन तळव्यावर वळून बघतो. वळी झाली तर ट्रॅक्टर परत पाठवायचा, भाडेवाला कितीही घाई करो. माती भुगा होऊन सांडली तरच काम सुरू. आडसालीसाठी एप्रिल-मे हीच वेळ.

फाळ थराखाली तीन-चार इंचच जाऊ द्या. ‘जितकं खोल तितकं चांगलं’ हा सल्ला चुकीचा आहे. फार खोल फाळ बाजूची माती उचलत नाही, नुसता भोसकत जातो. ओळी चार-पाच फुटांवर, मग आडव्या. फाळ चालताना दोन्हीकडची जमीन फुगून तडकताना दिसली पाहिजे.

मग नांगरट करून ढेकळं उन्हात तापू द्या.

रोटाव्हेटर एकदाच. पिठासारखी माती पहिल्या पाण्यातच चोपते. हलक्या मुरमाड रानात हा खटाटोप नको. पाणथळ, चोपण (क्षारानं चिकट, घट्ट झालेल्या) रानात आधी चर काढा, पाण्याला वाट नसेल तर फोडलेला थर पुन्हा बसतो.