फ्रेटरची परदेशी नोकरी घेताय? आधी ठाण्याच्या दारापासून दिवस मोजा. या चुका टाळा

रोस्टरवर, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकावर, लिहिलेलं असायचं: दहा दिवस सुट्टी. माझ्या हाती लागायचे सहा. बाकीचे चार कुठे जातात हे कळायला दीड वर्ष लागलं, आणि तेही मला नाही, बायकोला कळलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ती माझ्या येण्याजाण्याच्या खुणा करून ठेवायची.

अकरा वर्षं मी परदेशी कंपन्यांची मालवाहू विमानं उडवली. आमच्या भाषेत फ्रेटर. या काळात घर ठाण्यातल्या वसंत विहारमधून हललं नाही. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आणि तेव्हापासून नेरुळ, खारघर, घोडबंदर अशा ठिकाणांहून तरुण पायलटांचे फोन वाढलेत. घराजवळ विमानतळ आला, आता इथे राहून बाहेरची कार्गोची नोकरी करता येईल ना, असा सूर असतो. मग दोन प्रश्न ठरलेले: विमान कुठलं घेऊ, आणि डॉलर किती मिळतील? सुट्टी नेमकी कुठून सुरू होते, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. निम्म्या चुका तिथेच होतात, म्हणून सुरुवात तिथून करतो.

पहिली चूक: रोस्टरवरची सुट्टी म्हणजे घरची सुट्टी समजणं

समजा करार वीस दिवस काम, दहा दिवस सुट्टी असा आहे आणि बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते ते ठिकाण, जर्मनीत लाइपझिगला. सुट्टीच्या पहिल्या दिवशी तुम्ही लाइपझिगहून फ्रँकफर्ट गाठता, तिथून मुंबईचं विमान पकडता आणि मध्यरात्र उलटल्यावर सहारला उतरता. दुसरा दिवस झोपेत जातो. वीस दिवस रात्रपाळी केलेल्या माणसाकडून त्या दिवशी भाजी निवडून घेण्याचीही अपेक्षा ठेवू नये. नवव्या दिवशी पहाटेच्या विमानाने परत निघायचं, दहावा दिवस बेसवरच्या हॉटेलात पडून काढायचा, कारण रात्री ड्यूटी. म्हणजे हातात सहा. वर्षाला कागदावर १२० दिवस, प्रत्यक्षात ७२. पगाराच्या आकड्याला यातल्या कुठल्या संख्येने भागायचं ते तुम्हीच ठरवा.

हाँगकाँग, दुबई, बहारीन इथे मुंबईहून थेट विमानं आहेत, तिथे हा हिशेब बराच सौम्य होतो. लाइपझिग किंवा अमेरिकेतली मेम्फिस, अँकरेज इथे थेट काही नाही. आणि हो, उलव्याचा, म्हणजे नवी मुंबईचा, विमानतळ घरापासून कितीही जवळ असला तरी तिथून तुमच्या बेसला थेट विमान नसेल, तर तूर्तास त्याचा उपयोग गोव्याला जाणाऱ्या तुमच्या मेव्हण्याला.

मुलाखतीत हे विचारायला लाजू नका: घरी जाण्यायेण्याचा प्रवास कामाच्या दिवसांत धरता की सुट्टीच्या? तिकीट कंपनी काढते की मी? काढत असेल तर कन्फर्म की स्टँडबाय? आणि कंपनी मला मुंबईहून उचलणार की बेसपर्यंत माझं मी यायचं? काही कंपन्या पायलटच्या गावाजवळचा एक विमानतळ करारातच लिहून देतात आणि तिथून पुढचा प्रवास कामाचा धरतात. असा करार दीडदोन हजार डॉलर कमी पगाराचा असला तरी मी तोच घेईन.

स्टँडबायबद्दल दोन शब्द जास्त. सवलतीचं तिकीट म्हणजे जागा उरली तर बसा. एका मे महिन्यात मी सलग दोन रात्री सहारहून परत आलो. शाळांना सुट्ट्या, विमानं भरलेली. पहाटे चार वाजता युनिफॉर्मची बॅग घेऊन माजिवड्याच्या पुलावरून घरी येणं हा अनुभव काही सांगण्यासारखा नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशाने पूर्ण भावाचं तिकीट काढून पोहोचलो, तरी कंपनीने एक दिवस गैरहजेरी लावली. करारात स्पष्ट होतं: बेसवर हजर राहणं ही पायलटची जबाबदारी. सही करताना ते वाक्य मी वाचलं होतं, समजलं नव्हतं. मे, गणपती, दिवाळी आणि नाताळ या चार वेळांची तिकिटं दोन महिने आधी पैसे मोजून काढा आणि तो खर्च पगारातून आधीच वजा धरा.

प्रश्न पैशांपुरता नाही. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं प्रवासी विमान पडलं आणि ५० माणसं गेली. त्या विमानाची को-पायलट आदल्या रात्री सिएटलहून मेम्फिसमार्गे नेवार्कला ड्यूटीसाठी आली होती, रात्रभर मालवाहू विमानांतल्या जादा सीटवर बसून. तपासात अपघाताचं कारण कॅप्टनने स्टॉलच्या (वेग कमी पडून पंखांची उचल जाण्याच्या) इशाऱ्याला दिलेला चुकीचा प्रतिसाद हे ठरलं. थकव्याचा परिणाम दोघांवरही झाला असावा, पण किती हे ठरवता येत नाही, असंही त्या अहवालात नोंदलं आहे. घरून बेसवर जाण्याचा प्रवास सहसा ड्यूटीत मोजला जात नाही. शरीर मात्र तो मोजतं.

विश्रांतीचे नियम कुठल्या देशाचे?

त्या अपघातानंतर अमेरिकेने वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आणले. ते ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले, पण फक्त प्रवासी विमानांना. कार्गो वगळलं गेलं आणि तिथल्या फ्रेटर पायलटांना जुनेच नियम राहिले. युरोपात तसं नाही, तिथले तासांचे नियम प्रवासी आणि मालवाहू दोघांनाही आहेत. आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली, त्यावरून केवढा गोंधळ झाला ते आठवत असेल. पण तुमचा पत्ता ठाण्याचा आहे म्हणून तो नियम तुमच्या मागे परदेशात येत नाही. कंपनीचं ऑपरेटर सर्टिफिकेट, म्हणजे विमानं चालवण्याचा परवाना, ज्या देशाचं, नियम त्या देशाचे. पगाराचा तक्ता मागण्याआधी त्या देशातल्या कार्गोसाठीचं तासांचं कोष्टक वाचा.

शिवाय सगळं कार्गो एकसारखं नसतं. कुरिअर कंपन्यांची मोठी केंद्रं, म्हणजे मेम्फिस, लुईव्हिल, लाइपझिग, रात्री जागी असतात. संध्याकाळी चारी दिशांनी माल येतो, मध्यरात्री त्याची वर्गवारी होते, पहाटे विमानं पुन्हा सुटतात. टप्पे छोटे, पण रोज रात्र. लांब पल्ल्याच्या फ्रेटरवर उलट: हाँगकाँग, मग अँकरेज, मग अमेरिकेतलं एखादं शहर. तीन-चार पायलट, झोपायला बंक, आणि शरीराला दिवस-रात्र काहीच कळत नाही. या दुसऱ्या प्रकारात लँडिंग वाट्याला फार कमी येतात. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंगची अट भागवायला मला एकदा सिम्युलेटरला जावं लागलं होतं. हात चालू राहावा असं वाटत असेल, तर तरुणपणी छोट्या टप्प्यांचं काम बरं. घरात लहान मूल असेल तर मात्र लांब पल्ला आणि सलग सुट्टी परवडते.

दुसरी चूक: विमानाच्या पोटावरचं नाव वाचून अर्ज करणं

बाहेर रंग एका बड्या एअरलाइनचा, आत पगार देणारी कंपनी तिसरीच. याला एसीएमआय म्हणतात: विमान, क्रू, देखभाल आणि विमा या चारही गोष्टी भाड्याने. धंदा चोख आहे, पण भाड्याचा करार संपला की बेस बदलतो, कधीकधी नोकरीच संपते. म्हणून विचारा: माझी सही कुणाशी, आणि त्यांचा भाड्याचा करार कधीपर्यंत? काही ठिकाणी पायलट कंपनीचा नोकरही नसतो, एजन्सीमार्फत स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करतो. आकडा मोठा दिसतो, पण आजारपणाची रजा, विमा, निवृत्तीचे पैसे काहीच नसतं. मध्यस्थ नोकरीसाठी तुमच्याकडेच पैसे मागत असेल, तर तिथूनच नमस्कार करा.

पोटात माल कसला आहे, हेही बघा. कोविडमध्ये प्रवासी विमानं थांबली आणि फ्रेटरचे दिवस पालटले. तेव्हा भरती झालेल्या कित्येकांना वाटलं, हे असंच चालणार. मग चीनहून अमेरिकेला जाणाऱ्या ऑनलाइन खरेदीच्या पार्सलांवर बरीच विमानं धावू लागली. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी अमेरिकेने चीनसाठी मे २०२५ मध्ये आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी काढून टाकली. कंपनीचा माल एकाच मार्गावरचा असेल, तर असा एक सरकारी आदेश तुमच्या रोस्टरपर्यंत पोहोचतो.

७४७ च्या प्रेमात पडणं

मीही पडलो होतो, त्यामुळे रागावत नाही. पण शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ मध्ये कारखान्यातून ग्राहकाकडे गेलं, आणि ते फ्रेटरच होतं. ४ नोव्हेंबर २०२५ ला लुईव्हिलमध्ये एमडी-११ हे जुनं मालवाहू विमान कोसळलं, त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेत त्या प्रकारची विमानं जमिनीवर बसवली गेली. अशा वेळी टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी, एकाच जुन्या विमानाचं असेल, तर आपणही जमिनीवर. ७७७ फ्रेटर आणि प्रवासी ७७७ यांचं रेटिंग एकच, ७३७ आणि ए३२० च्या फ्रेटरांचंही तसंच. म्हणजे उद्या कार्गो सोडावं लागलं तरी दुसरं दार उघडं. रेटिंगचा खर्च कंपनी करत असेल तर बाँड येतोच, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याची हमी. तो महिन्यागणिक कमी होतो की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम उभी राहते, एवढं तपासा.

कागदपत्रं

हे पटकन सांगतो. भारतातल्या कंपनीत असाल तर नोटीस कमांडरला (कॅप्टनला) एक वर्ष, फर्स्ट ऑफिसरला (को-पायलटला) सहा महिने, त्यामुळे परदेशी कंपनीला तीन महिन्यांत येतो असं सांगू नका. युरोपचं लायसन्स हवं तर एटीपीएलचे, म्हणजे एअरलाइन पायलटच्या लायसन्सचे, तेरा पेपर द्यावे लागतात, आणि ब्रिटनचं लायसन्स आता त्याहून वेगळं. अमेरिकेत एफएएचं, म्हणजे तिथल्या नियामकाचं, लायसन्स असून भागत नाही, तिथे काम करण्याचा कायदेशीर हक्क लागतो. डीजीसीएचं लायसन्स आता दहा वर्षांचं मिळतं म्हणून निर्धास्त राहणारेही पाहिलेत: मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे उडण्याची परवानगी) वेगळं चालू ठेवावं लागतं, नाहीतर परतायच्या दिवशी लायसन्स असतं पण उडता येत नाही.

१८२ दिवस, पण तेवढेच नाहीत

परदेशी पगार करमुक्त, हे वाक्य ठाण्यात फार सहज बोललं जातं. एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात १८२ दिवस भरले की करासाठी तुम्ही निवासी. मग सहसा जगभरचं उत्पन्न इथे करपात्र होतं. इथलं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, ठेवींचं व्याज वगैरे, १५ लाखांच्या वर असेल आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे काढले असतील, तर मर्यादा १२० दिवसांवर येते. आणि १५ लाखांच्या वर उत्पन्न असून नोकरीच्या देशात, जसं आखातात, आयकरच लागत नसेल, तर दिवस कितीही कमी असले तरी तुम्हाला निवासी मानलं जातं. या शेवटच्या दोन प्रकारांत परदेशातला पगार सहसा वाचतो, पण विवरणपत्राचं स्वरूप बदलतं. म्हणून परदेशी पगारदारांचं काम करणारा सीए शोधा. नात्यातला, फुकट सल्ला देणारा नको.

मगाचाच लाइपझिगचा हिशेब घ्या. मध्यरात्रीनंतर उतरलात आणि नवव्या दिवशी पहाटे निघालात, म्हणजे येण्याजाण्याचे दिवस धरून दर महिन्याला आठ तारखा भारतात. वर्षाला ९६. वार्षिक रजेचे ३० मिळवा: १२६. त्यात पाठ धरली आणि मेडिकलसाठी दोन महिने घरी बसावं लागलं, तर १८६. एका पाठदुखीने कराचं गणित उलटतं. सुट्टीचा पहिला आणि दहावा दिवस देशाबाहेर जातो, म्हणून या मोजणीत येत नाही; प्रवासात गेलेल्या दिवसांचा उपयोग होतो तो एवढाच. बोर्डिंग पास आणि पासपोर्टच्या शिक्क्यांचे फोटो जपून ठेवा.

सही करून बसला असाल तर

दोन महिन्यांची नोंद ठेवा: घरातून निघाल्याची वेळ, बेसवर पोहोचल्याची वेळ, आदल्या २४ तासांतली झोप. नुसतं 'दमायला होतं' म्हणालात तर रोस्टर विभाग ऐकत नाही, आकडे दाखवले तर ऐकतो. मला त्या नोंदींवरच शेवटची ड्यूटी आशियात संपवून मिळाली आणि घरी पोहोचायला एक दिवस कमी लागू लागला. बेसवर ड्यूटीच्या आदल्या दिवशी पोहोचा, हॉटेलचा खर्च स्वतःचा असला तरी. दोन सुट्ट्या जोडून मिळतात का ते विचारा: चाळीस दिवस काम, वीस सुट्टी केली की प्रवासाच्या खेपा निम्म्या होतात. मात्र एवढ्या लांबणीला घर तयार आहे का, हे आधी घरी विचारा. आणि खरोखर उडण्याच्या स्थितीत नसाल तर तसं लेखी कळवा. पहिल्यांदा हात थरथरतो. मी ते पत्र तीनदा लिहून खोडलं होतं.

कालनिर्णयची ती पानं अजून घरी आहेत. निळ्या शाईने रोस्टर, लाल शाईने मी खरोखर घरी असलेले दिवस. गेल्या महिन्यात नेरुळचा एक मुलगा दोन ऑफर घेऊन आला होता, त्याच्यापुढे बायकोने ती पानं ठेवली. त्याने बराच वेळ लाल चौकोन मोजले, मग मोबाइल काढून बेसहून मुंबईची विमानं शोधायला लागला.