ताज्या फळांचे स्कोन: या चुका टाळा, आणि मग मला फोटो पाठवा

स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचे बेकिंग पावडरने फुगणारे छोटे पाव, बिघडले की लोक आधी ओव्हनला बोल लावतात, मग रेसिपीला. फळाला कोणी काही म्हणत नाही, स्वतःच्या हातांना तर नाहीच नाही. माझ्याकडे येणारे फोटो मात्र गेली कित्येक वर्षं तेच आहेत. ट्रेवर पसरून एकमेकांना चिकटलेल्या चकत्या, कडेने ओघळून करपलेला लाल रस आणि सोबत प्रश्न: "बेकिंग पावडर थोडी जास्त घालायला हवी होती का?"

नको होती. बेकिंग पावडर हीच बहुधा तुम्ही बरोबर घातलेली एकमेव गोष्ट असते.

आधी माझं प्रमाण सांगते, म्हणजे पुढचं बोलणं अधांतरी राहणार नाही. 250 ग्रॅम मैदा, 3 सपाट छोटे चमचे बेकिंग पावडर, 50 ग्रॅम साखर, दोन चिमटी मीठ, 85 ग्रॅम फ्रिजमधलं कडक बटर, 1 अंडं, साधारण 90 मिली थंड दूध आणि 120 ग्रॅम चिरलेलं फळ. यात आठ स्कोन होतात. दुधाऐवजी क्रीम घेतलं तर चमचा-दोन चमचे जास्त लागतं. बटर खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका.

फळातलं पाणी कोणी मोजतच नाही

स्ट्रॉबेरीत 90 टक्क्यांच्या वर पाणी असतं. पीचमध्ये जवळपास तितकंच, ब्लूबेरीत आणि सफरचंदात 85 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 120 ग्रॅम स्ट्रॉबेरी घातल्या की शंभराहून जास्त ग्रॅम पाणी घातलं. दूध तुम्ही डोळा बारीक करून 90 मिलीच्या रेघेपर्यंत मोजता आणि त्याहून जास्त पाणी लाल कपडे घालून मागच्या दाराने आत शिरतं.

फळ अख्खं असेपर्यंत हे पाणी आपल्या जागी गुपचूप बसलेलं असतं. चिरलं की थोडं सुटतं, दाबलं की जास्त सुटतं आणि साखर लावली की भसाभसा बाहेर येतं. हे मला आज पाठ आहे, कारण एकदा बारा माणसांसमोर शिकले आहे.

चहाला मंडळी येणार होती. सकाळची घाई नको म्हणून मी रात्रीच स्ट्रॉबेरी चिरून साखरेत घालून ठेवल्या. चव छान मुरेल, असा माझा हुशार विचार. सकाळी झाकण काढलं तर तुकडे मलूल होऊन रसात पोहत होते. आता हा रस ओतून देणारी मी थोडीच! इतका सुंदर रंग, इतका वास. दूध थोडं कमी केलं आणि रस त्यात ढकलला. मिश्रण हाताला चिकटायला लागलं म्हणून मूठभर मैदा भुरभुरला. तरी चिकटतंय म्हणून आणखी एक मूठ. तिसऱ्या मुठीनंतर मोजणं सोडलं. रंग तर असा झाला होता की त्याला गुलाबी म्हणवेना आणि राखाडी म्हणायची हिंमत होईना.

ओव्हनमध्ये गेल्यावर आठव्या-नवव्या मिनिटाला मी काचेतून पाहिलं. स्कोन वर जायचं सोडून बाजूला चालले होते. पंधराव्या मिनिटाला आठांचे तीन झाले. वरून तपकिरी दिसले म्हणून काढले, तर आत प्रत्येक तुकड्याभोवती कच्च्या पिठाचं ओलं कडं. परत आत घातले, मग खालचा रस करपला. शेवटी बशीत वाढले तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी अतिशय प्रेमाने विचारलं, "अगं, चमचे कुठे ठेवलेस?" स्कोन खायला चमचा लागला, याहून मोठा निकाल कोणता हवा? मी वर फेटलेलं क्रीम घातलं आणि पुडिंग आहे असं सांगितलं. पटलं कोणालाच नाही, पण सगळ्यांनी माझी लाज राखली.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. फळ धुऊन पूर्ण कोरडं करायचं, मगच चिरायचं. तुकडे करंगळीच्या नखाएवढे, मोठे अजिबात नाहीत. मोठ्या तुकड्याभोवती पीठ कच्चं राहतं आणि वाफेने पोकळी पडते. चिरलेले तुकडे पेपर टॉवेलवर एकेरी पसरायचे, वरून दुसरा टॉवेल हलकेच टेकवायचा आणि ताट उघडंच अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवायचं. कडा कडक झाल्या पाहिजेत, आतून दगड व्हायची गरज नाही. बाकी सगळी तयारी तोवर होते. फळाला साखर लावायची नाही. गोडवा कमी वाटला तर भाजण्याआधी स्कोनवर वरून साखर भुरभुरा.

फळ मैद्यात घोळवून घ्या म्हणजे ते तळाशी बसत नाही, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ती गोष्ट केकच्या सैल मिश्रणाची. स्कोनचं पीठ इतकं घट्ट असतं की त्यात फळ बुडायचं म्हटलं तरी बुडणार नाही. तरीही मी एक चमचा मैदा लावते, मोजलेल्या मैद्यातलाच, कारण तुकड्याच्या अंगावरचा ओलावा तो टिपून घेतो.

फळाफळात फरक आहे. ब्लूबेरी अख्ख्या घाला, त्या सगळ्यात शहाण्या. रासबेरी तुम्ही कितीही जपलीत तरी फुटणारच, म्हणून मी ती पिठात कालवतच नाही. पीठ थापून अर्ध्या भागावर पसरते, दुसरा अर्धा वरून दुमडते आणि तळहाताने नुसतं बसवते. पीच जरा टणकच घ्यावा. हातात घेतल्यावर रस गळेल असा पिकलेला पीच उभ्याने खाऊन टाका, त्याचा स्कोन करू नका. सफरचंद सगळ्यात सोपं, फक्त बारीक चिरा. विकतच्या गोठवलेल्या बेरी वापरणार असाल तर फ्रीझरमधून थेट पिठात. त्या वितळू देऊन मग घालणारी माणसं मला भेटलेली आहेत. त्यांच्याशी बोलताना मी पाणी पिते.

आणि ब्लूबेरीभोवती हिरवट-निळे डाग पडले म्हणून घाबरून विचारणारे: तुम्ही 'अजून फुगावेत' म्हणून वरून बेकिंग सोडा घातलेला असतो. ब्लूबेरीचा रंग आम्लात लालसर राहतो आणि सोड्याने निळा-हिरवा होतो. ताक घातलं नसेल तर सोड्याचं इथे काही काम नाही.

हात आवरा

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे बटर. साधारण 32 ते 35 अंशांना बटर वितळतं, आणि तुमच्या तळव्याचं तापमान त्याच्याच आसपास असतं. बाकीचं गणित सांगायला नको.

स्कोनमध्ये बटर पिठात विरघळून चालत नाही, ते तुकड्यांच्या रूपात शिल्लक राहायला हवं. बटरमध्ये साधारण 16 ते 18 टक्के पाणी असतं. गरम ओव्हनमध्ये तुकडा वितळतो, त्यातल्या पाण्याची वाफ होते, ती आजूबाजूचं पीठ उचलून धरते आणि तेवढ्यात पीठ घट्ट होतं. त्या जागी राहतो तो पापुद्रा. बटर बोलमध्येच वितळलं तर मैदा ते पिऊन टाकतो आणि ओव्हनमध्ये उचलायला काही उरतच नाही.

माझी भाची शिकायला आली होती. बटर चोळायला घेतलं आणि दोन मिनिटांत म्हणाली, "मावशी, वीस सेकंद मायक्रोवेव्हमध्ये फिरवू का? बोटं गारठली." मी म्हटलं, फिरव. दोघींनी शेजारी शेजारी केले. तोच मैदा, त्याच ब्लूबेरी, तोच ट्रे, डावी बाजू तिची, उजवी माझी. दहाव्या मिनिटालाच ती काचेसमोर उकिडवी बसली. बाहेर काढल्यावर तिने स्वतःच कंपासपेटीतली पट्टी आणली. माझे साडेचार सेंटिमीटर, तिचे जेमतेम अडीच, म्हणजे ट्रेवर ठेवले तेवढेच. माझा स्कोन मध्ये बोटं घालून ओढला की आडवा उघडत होता, तिचा बिस्किटासारखा भुगा होत होता.

"पण चव सारखीच आहे ना?" ती म्हणाली.

होती. हे असं होतं ना, तिथे शिकवणाऱ्याची पंचाईत होते.

ज्यांची बोटं गारठतात त्यांच्यासाठी मायक्रोवेव्हपेक्षा चांगली युक्ती आहे: बटर फ्रीझरमध्ये कडक करून खिसणीच्या मोठ्या भोकांनी किसा आणि मैद्यात नुसतं उधळा. शॉर्टकट मला आवडत नाहीत, पण हा मी स्वतः वापरते, म्हणून त्याला शॉर्टकट म्हणत नाही. हाताने चोळायचं असेल तर फक्त बोटांच्या टोकांनी, आणि वाटाण्याएवढे चपटे तुकडे दिसत असतानाच थांबा. पीठ तेलकट किंवा पिवळट दिसायला लागलं की आहे तसं बोल उचलून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये. त्या पंधरा मिनिटांत जगात काही अडत नाही.

दूध-अंडं घातल्यावर मी जेवणाच्या टेबलावरची बोथट सुरी घेते आणि कापल्यासारखं मिसळते. चमच्याने मिश्रण दाबलं जातं, हाताने तापतं. थोडं कोरडं पीठ तळाशी दिसत असतानाच फळ घालायचं, दोनदा परतवायचं आणि ओट्यावर ओतायचं. इथे नवशिक्यांचा जीव खालीवर होतो. ढिगारा विस्कटलेला असतो, एकजीव दिसत नाही, मग ते मळायला घेतात. मळायचं नाही! मळलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणतं, स्कोन चिवट होतो, आणि फळ चिरडून पुन्हा तेच पाणी. दोन्ही हातांनी ढिगारा गोळा करा, थापा, मधोमध दुमडा, परत थापा. असं तीनदा. तिसऱ्या वेळी तो आपोआप शहाण्यासारखा दिसायला लागतो. चिकटत असेल तर सुरीला आणि ओट्याला मैदा लावा, पिठात घालू नका. माझ्या तीन मुठी आठवा.

बाकीच्या चुका, ज्यांवर माझा जीव जात नाही

कपाने मैदा मोजू नका. दाबून भरलेला कप आणि हलका भरलेला कप यांत सहज 30 ग्रॅमचा फरक पडतो. वजनकाटा घ्या.

बेकिंग पावडर डब्यात दोन वर्षं असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फसफसली तर ठीक, नुसती विरघळली तर फेकून द्या.

पीठ अडीच सेंटिमीटरपेक्षा पातळ थापू नका. पातळ थापून उंच स्कोनची अपेक्षा ठेवायची नाही.

कटर सरळ खाली दाबा, सरळ वर उचला. फिरवलात तर कडा चिकटून बंद होतात आणि स्कोन एका बाजूला मान टाकतो. मी तर कटर वापरायचंच सोडलं. गोल थापून सुरीने आठ त्रिकोण करते, त्यामुळे उरलेलं पीठ पुन्हा गोळा करावं लागत नाही. फळ घातलेलं पीठ दुसऱ्यांदा थापलं की ते डागाळलेल्या फडक्यासारखं दिसतं.

वरून अंडं किंवा दूध लावताना ते कडेवरून ओघळू देऊ नका, तेही कडा चिकटवतं.

ओव्हनचा दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नाही. मी दिव्यानंतरही दहा मिनिटं थांबते. आत ठेवायचा एक साधा थर्मामीटर घ्या. माझ्या ओव्हनची चकती 210 सांगते तेव्हा आत 190 असतात, हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि तोवर मी जगातल्या सगळ्या रेसिपींना नावं ठेवली. 210 अंशांना 16 ते 18 मिनिटं, पंखा चालू असेल तर 190. साध्या स्कोनपेक्षा ताज्या फळाच्या स्कोनला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. कडा आणि तळ नीट सोनेरी होईपर्यंत धीर धरा, फिकट काढू नका.

वरून करपले आणि आत कच्चे: पीठ जाड, फळ ओलं किंवा ओव्हन जास्त गरम. बहुतेक वेळा मधलंच.

तळ ओला: गरम ट्रेवर तसेच ठेवलेत. काढल्या काढल्या जाळीवर घ्या. आणि दहा मिनिटं तरी तोडू नका. वाफाळता स्कोन सुरीने कापला की आतलं पीठ चिकट दिसतं, आणि मग कच्चा राहिला म्हणून मला फोन येतो.

आदल्या दिवशी तयारी करायची असेल तर कापलेले कच्चे स्कोन फ्रीझरमध्ये ठेवा, फ्रिजमध्ये नाही. फ्रिजमध्ये रात्रभर फळ रस सोडत बसतं. फ्रीझरमधून काढून थेट ओव्हनमध्ये घाला, वेळ तीन-चार मिनिटांनी वाढवा.

हे स्कोन त्याच दिवशी खायचे. उरलेच तर बंद डब्यात ठेवू नका, सकाळी वरचा भाग चिकट झालेला असतो. जाळीवर कापडाखाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी 160 अंशांना सहा-सात मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये नको. त्यात ते आधी मऊ होतात आणि बशी टेबलावर येईपर्यंत चामडं. भाचीला हे अजून सांगितलेलं नाही. परवा तिने डबाभर नेले आहेत.