जुनं गावाकडचं घर दुरुस्त करताना या चुका टाळा, नाहीतर घर उभं राहील पण ते घर राहणार नाही

जुनं घर हातात आलं की पहिल्या महिन्यातच तोडफोड सुरू होते, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच. घरात आधी निदान एक पावसाळा तरी काढा. पाणी कुठून शिरतं, कुठली भिंत ओली होते, कुठलं दार पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात परत मोकळं होतं, हे उन्हाळ्यात नुसतं बघून कुणालाच कळत नाही, चांगल्या गवंड्यालाही नाही. तोपर्यंत छप्पर गळत असेल तेवढं थांबवा, पन्हळी साफ करा, प्रत्येक खोलीचे फोटो काढा, बाकी कशाला हात लावू नका.

आता सिमेंट. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त घरं यानेच खराब होतात. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट 1824 चं, आणि घराघरात ते पोचलं त्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्याआधीची बहुतेक घरं चुन्यात नाहीतर मातीत बांधलेली असतात. त्या भिंती पाणी पूर्ण अडवत नाहीत, थोडं पितात आणि ऊन-वारा मिळाला की सोडून देतात. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की आत गेलेलं पाणी बाहेर यायची वाट बंद होते, मग ओल वर चढते, आतून पोपडे येतात, लोणा लागतो म्हणजे भिंतीवर पांढरे क्षार फुटतात, तुळईची भिंतीत गेलेली टोकं कुजतात. आमच्याकडेही एका भिंतीला असाच गिलावा झाला होता, वर्षभर छान गुळगुळीत दिसली आणि दुसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याचे मोठे तुकडे विटेचा पापुद्रा घेऊनच खाली आले. ती वीट परत मिळत नाही हो.

दर्जा, म्हणजे विटा-दगडांमधल्या फटी, भरतानाही तेच. मसाला, म्हणजे त्या फटीत भरायचं मिश्रण, नेहमी विटेपेक्षा किंवा दगडापेक्षा मऊ हवा, म्हणजे झीज मसाल्याची होते आणि तो पुन्हा भरता येतो. सिमेंट भरलं की उलटं होतं, दर्जा टिकतात आणि वीट झिजते. जुना मसाला काढायला ग्राइंडर लावू नका, विटेच्या कडा कापल्या जातात, छिन्नी-हातोडीनेच काढा, दर्जेच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल. मग धूळ झाडा, भिंत भिजवा, चुना भरा आणि काही दिवस ओल्या गोणपाटाने झाकून ठेवा. चुना कडक होतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आणि त्याला वेळ लागतो, कडक उन्हात भराभर वाळला तर त्याची भुकटी होते. गवंडी म्हणेल दोन मुठी सिमेंट टाकू म्हणजे लवकर धरेल. नाही म्हणा.

आधीच्या कुणी सिमेंट मारून ठेवलं असेल तर? सरसकट काढायला जाऊ नका. ठोकून बघा, पोकळ आवाज येतो तिथलं काढा. घट्ट बसलंय आणि काढताना विटा फुटतायत असं दिसलं तर राहू द्या, जबरदस्तीने जास्त नुकसान होतं. काढल्यावर भिंत वाळू द्या, जाडीच्या दर इंचाला एक महिना हा ढोबळ अंदाज आहे, म्हणजे दीड फुटाची भिंत असेल तर दीड वर्ष गेलंच समजा. लोणा दिसला तर पाण्याने धुऊ नका, क्षार परत आत जातात, कोरड्या ब्रशने झाडा आणि ती भुकटी उचलून बाहेर टाका.

ओल भिंतीच्या खालच्या भागातच असेल तर भिंतीत केमिकलची इंजेक्शनं देणाऱ्यांना आणि वॉटरप्रूफ केमिकलवाल्यांना बोलवायच्या आधी बाहेर जाऊन बघा. वर्षानुवर्षं माती साचून बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झालेली असते, किंवा पन्हळीचं पाणी जोत्याशीच पडतं, किंवा कुणीतरी भिंतीला लागून काँक्रीटचा पट्टा टाकलाय. माती उतरवली, पाणी लांब नेलं की बऱ्याचदा निम्मं काम तिथेच होतं. आतली जुनी फरशी काढून खाली प्लास्टिक आणि वर काँक्रीट घालणं हीसुद्धा तीच चूक, जमिनीतला ओलावा मग भिंतीकडे सरकतो.

भेगा दिसल्या की लगेच बुजवतात, ते नको. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची खूण करून तारीख लिहा आणि काही महिने बघा. वाढत नसेल तर ती जुनी, शांत झालेली भेग आहे. वाढतेय तर लिंपून काही होणार नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, आणि तोही जुन्या बांधकामाची सवय असलेला.

लाकूड पटकन फेकू नका. भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत आहे असं नसतं, खाली ताजी पिवळसर पूड पडतेय का ते बघा. लाकडातला ओलावा मॉइश्चर मीटरने मोजा, 20 टक्क्यांच्या खाली असेल तर सहसा कुजत नाही. टोक कुजलं असेल तर तेवढंच कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा घाला, अख्खी तुळई बदलू नका. जुना रंग खरवडताना मात्र जपा, त्यात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका आणि मुलांना लांब ठेवा. सँडब्लास्टिंग तर नकोच, विटेचा भाजलेला कडक थर निघून जातो आणि लाकडाचे रेशे उघडे पडतात.

शेवटची गोष्ट दिसण्याची. नसलेली नक्षी, नसलेल्या कमानी कल्पनेने लावू नका. 1964 च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांत, स्पष्ट म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबायला हवी, आणि नवा भाग जुन्यात मिसळावा पण ओळखूही यावा. मला हे फार पटतं. खिडक्या काढून ॲल्युमिनियम बसवू नका, बहुतेक वेळा खालची चौकट आणि बिजागऱ्या एवढंच गेलेलं असतं. कौलं कमी पडली तर चांगली जुनी कौलं समोरच्या उतारावर एकत्र करा आणि नवी सगळी मागच्या बाजूला घाला.