घरी बनवलेल्या फझ पेडलचा आवाज बसलाय? आधी मीटर लावा

बायपासमध्ये, म्हणजे पेडल बंद असताना, गिटार खणखणीत वाजते, पण फझ (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारं पेडल) चालू केला की आवाज गोधडीखाली गेल्यासारखा होतो. इथे मी १९६६ च्या फझ फेस घराण्यातलं दोन ट्रान्झिस्टरांचं सर्किट धरतोय, बीसी ५४८ या सिलिकॉन ट्रान्झिस्टरवर बनवलेलं. घरी बहुतेक जण हेच बनवतात.

सोल्डरिंग गन तापवण्याआधी बॅटरी नवी घाला. गिटारचा आणि पेडलचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, फझचा पॉटही (पॉट म्हणजे नॉबने फिरणारा रेझिस्टर). मधे दुसरं पेडल नको, कारण या सर्किटला थेट गिटारच मानवते.

आता मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि काळी पिन ग्राउंडला लावा. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: बेस, कलेक्टर आणि एमिटर. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर साधारण ०.६ व्होल्ट, कलेक्टरवर १.२ ते १.४ आणि दुसऱ्याच्या कलेक्टरवर ४.५ च्या आसपास मिळायला हवेत. दुसऱ्याचा कलेक्टर आणि एमिटर जवळपास सारखेच दाखवत असतील, तर तो ट्रान्झिस्टर गच्च बसलाय, म्हणजे पूर्ण चालू होऊन अडकलाय. मग पहिल्याचे पाय तपासा. बीसी ५४८ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. टू-एन ३९०४ या दुसऱ्या ट्रान्झिस्टरचं नेमकं उलटं! मी एकदा त्याच्या नकाशावर ५४८ लावला होता. किरटा का होईना, आवाज येत होता, म्हणून दोन संध्याकाळी तिकडे बघितलंच नाही.

पाय बरोबर असूनही दुसऱ्याच्या कलेक्टरवर ३ च व्होल्ट मिळत असतील, तर त्याच्या कलेक्टरचा ८.२ के रेझिस्टर (के म्हणजे हजार ओहम) काढून तिथे १० के चा प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट, लावा आणि ४.५ येईपर्यंत फिरवा. सिलिकॉन ट्रान्झिस्टरांना हे बहुतेक वेळा करावंच लागतं.

व्होल्टेज ठीक आणि आवाज तरीही बारीक? मग खरी गोम ४७० ओहमच्या रेझिस्टरात आहे. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा पूर्ण सिग्नल बाहेर जातच नाही. ४७० ओहम आणि ८.२ के यांच्या सांध्यावरून जेमतेम ५ टक्के उचलला जातो. आधी त्या ४७० वरचे रंगीत पट्टे बघा: पिवळा, जांभळा, तपकिरी. तिसरा काळा असेल तर तो ४७ ओहम आहे, आणि आवाज दहावा हिस्सा उरतो. पिवळ्या बल्बखाली काळा आणि तपकिरी सारखेच दिसतात, त्यापेक्षा मीटरने मोजा.

तो ४७० च निघाला, तर त्या जागी १ के लावा. सिग्नल साधारण दुप्पट होतो. त्यानंतर ४.५ व्होल्ट पुन्हा जुळवून घ्या.

शेवटी आउटपुटचा कॅपॅसिटर. त्यावर १०३ हा आकडा छापलेला हवा. १०२ लागला असेल तर खर्ज गळतो आणि आवाज उगीच बारीक वाटतो. व्हॉल्यूमचा पॉट ५०० के चा हवा, आणि त्याचा मधला पाय आउटपुटकडे.

२.२ के लावायचा मोह मलाही झाला होता. सिग्नल चौपट झाला आणि फझचा नॉब दहावर आला की अँप नुसता खरखरायला लागला. १ के वर थांबा.